पॅकेजच्या आधीचे ५२ दिवस

माझ्या आतेभावाच्या उजव्या गालाच्या आत एक जखम होती आणि ती बरी होत नव्हती. तुकोबांची पालखी इंदापुरातून पुढे गेली त्या दिवशी त्याने ती गोष्ट मला फोनवर पहिल्यांदा सांगितली, आणि गणपती बसायच्या आठवडाभर आधी पुण्यातल्या एका रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य या सरकारी योजनेतून त्याच्या शस्त्रक्रियेला मंजुरी मिळाली. या दोन घटनांमध्ये ५२ दिवस गेले. मंजुरीनंतर शस्त्रक्रियेसाठी आम्हाला एक रुपयाही भरावा लागला नाही, हे मी कृतज्ञतेने आणि सर्वांत आधी नोंदवतो. मात्र त्या मंजुरीपर्यंत पोहोचायला ४१ हजार रुपये लागले, आणि केशरी शिधापत्रिकेवर चालणाऱ्या त्याच्या घरात ते नव्हते.

हे ५२ दिवस कुठे गेले याचा हिशेब मी नंतर फाईलमधल्या पावत्या तारखेप्रमाणे लावून मांडला. पहिले १६ दिवस गावाकडच्या दवाखान्यात मलम आणि व्हिटॅमिनच्या गोळ्यांत गेले. मग तुकडा काढला, तो तपासायला पुण्याला पाठवला आणि कर्करोगाचे निदान सांगणारा अहवाल हातात यायला ९ दिवस लागले. अहवाल घेऊन तो योजनेत अंगीकृत असलेल्या, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयात आला, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तुकड्याच्या स्लाइड पुन्हा तपासून घ्यायला सांगितल्या, जे योग्यच होते. त्यात ६ दिवस गेले. एमआरआयचे पैसे जमवायला ८ दिवस लागले. छातीचे स्कॅन, दातांची तपासणी, रक्ताच्या चाचण्या आणि भूलतज्ज्ञांचे मत यांत ७ दिवस गेले, आणि सगळी कागदपत्रे संगणकावर चढवल्यानंतर, मध्येच आलेल्या एका शंकेचे उत्तर देऊन, मंजुरीला ६ दिवस लागले. योजनेच्या नोंदीत यांपैकी फक्त शेवटचे ६ दिवस दिसतात. आधीचे ४६ दिवस कोणत्याही नोंदवहीत नाहीत, कारण त्या दिवसांचे पैसे कोणी दिलेले नाहीत आणि ज्याचे पैसे दिलेले नाहीत त्याची वेळ मोजण्याचे काम कोणाकडेच नाही.

आरोग्य योजनांबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा एवढेच विचारतो की मर्यादा किती लाखांची आहे. कर्करोगाच्या बाबतीत त्याहून निर्णायक प्रश्न वेगळा आहे: पैसे नेमके कोणत्या कामाचे दिले जातात, कोणत्या क्षणापासून दिले जातात, आणि दोन कामांच्या मधल्या काळाची जबाबदारी कोणावर असते. पैसे देण्याची पद्धत ही केवळ हिशेबाची बाब आहे असे मला पूर्वी वाटायचे. आतेभावाच्या फाईलने आणि त्यानंतर परिचितांच्या आणखी काही फाईलींनी माझे ते मत पूर्ण बदलले. रुग्णावर कोणता उपचार होईल, कधी होईल आणि कुठे अडेल, हे डॉक्टरांच्या ज्ञानाइतकेच पैशांच्या या वाटेवरूनही ठरते.

आधी या योजनेने काय साधले ते सांगायला हवे, कारण ते थोडे नाही. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत सोलापूर होते, पुणे नव्हते. पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात ती उरलेल्या जिल्ह्यांत आली. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, आणि २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राची आयुष्मान भारत योजना सुरू झाल्यावर दोन्हींची सांगड घालण्यात आली. कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर गेली, आणि जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पिवळ्या, केशरी आणि पांढऱ्या शिधापत्रिकांमधला भेद काढून राज्यातील सर्व कुटुंबांना दार उघडण्यात आले. ज्या कुटुंबांनी याआधीच्या पिढीत बापाच्या कर्करोगासाठी विहिरीजवळची जमीन विकली, त्याच कुटुंबांतला मुलगा आज जबड्याची शस्त्रक्रिया करून कर्ज न काढता घरी जातो, हे मी स्वतः पाहिले आहे. देशातल्या अनेक केंद्रांतील रुग्णांच्या अभ्यासातून २०२४ मध्ये असे समोर आले की २०१८ नंतर निदान झालेल्या कर्करुग्णांत निदानापासून ३० दिवसांत उपचार सुरू होण्याचे प्रमाण आधीच्या काळाच्या तुलनेत ३६ टक्क्यांनी सुधारले, आणि योजनेत नोंद असलेल्यांत ही सुधारणा अधिक ठळक होती. म्हणून योजना फसली असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. तिने जिथे पैसे ठेवले तिथे फरक पडला, आणि माझी तक्रार नेमकी याच निरीक्षणावर उभी आहे.

या अभ्यासातले ३० दिवस निदानापासून मोजलेले आहेत, हे लक्षात घ्यावे. माझ्या आतेभावाच्या बाबतीत निदानाच्या अहवालापासून मंजुरीपर्यंत २७ दिवस गेले, म्हणजे तो या मोजमापात यशस्वी रुग्ण ठरेल. अहवालाच्या आधीचे २५ दिवस त्यात येत नाहीत. आयुष्मान भारतच्या नियमांनुसार दाखल होण्याआधीच्या ३ दिवसांचा आणि घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांचा खर्च पॅकेजमध्ये, म्हणजे त्या उपचारासाठी रुग्णालयाला ठरवून दिलेल्या एकरकमी दरात, धरला जातो. अपेंडिक्स किंवा हाडाच्या मोडीसाठी ही चौकट पुरेशी असेल, कारण तिथे दुखणे, निदान आणि उपचार एका आठवड्यात मावतात. कर्करोग तसा येत नाही. गाठ लागते, ती दाखवायची की नाही यात दिवस जातात, तुकडा काढला जातो, कधी तो अपुरा निघतो म्हणून पुन्हा काढावा लागतो, त्यावर विशेष रंगचाचण्या कराव्या लागतात, आजार कुठवर गेला आहे याची स्कॅन होतात, आणि या सगळ्यानंतर शस्त्रक्रिया आधी की केमो आधी हे ठरते. रुग्णालयात खाट मिळण्यापूर्वी रुग्णाने आपल्या आजारातला सर्वांत अनिश्चित आणि सर्वांत घाबरवणारा काळ स्वतःच्या खिशातून पार केलेला असतो. आम्ही मदतकक्षात विचारले तेव्हा तिथल्या आरोग्यमित्राने अगदी आपुलकीने सांगितले, "दादा, दाखल झाल्यावरचं सगळं बसतं यात, आधीच्या पावत्या जपून ठेवा, पण त्या लागणार नाहीत." त्याचा काहीच दोष नव्हता. त्याने नियम सांगितला.

उशीर म्हणजे केवळ मनस्ताप नव्हे, हे आता आकड्यांतही स्पष्ट आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात असे आढळले की कर्करोगाच्या शस्त्रक्रियेला दर चार आठवड्यांचा उशीर झाला की मृत्यूची जोखीम साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढते. तेव्हा एमआरआयचे पैसे जमवण्यात गेलेल्या आठ दिवसांकडे मी कुटुंबाची वैयक्तिक अडचण म्हणून पाहू शकत नाही. काही हजारांची तपासणी योजनेबाहेर ठेवून आपण लाखाच्या घरातल्या शस्त्रक्रियेची परिणामकारकता कमी करतो, आणि तिचे पैसे मात्र पूर्ण भरतो.

शस्त्रक्रियेनंतर जे घडले ते याच दोषाचे दुसरे रूप होते. तोंडाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार लागणार असतील तर ते सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत, असा सर्वमान्य संकेत आहे. आमच्या बाबतीत ते दसरा उलटून गेल्यावर, आठव्या आठवड्यात सुरू झाले. शस्त्रक्रियेचे पॅकेज एका विभागाचे, किरणोपचाराचे दुसऱ्या विभागाचे, प्रत्येकाची मंजुरी वेगळी, प्रत्येकाची कागदपत्रे वेगळी. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे काम उत्तम झाले होते आणि त्यांच्या पॅकेजचा दावा पूर्ण झाला होता. किरणोपचार विभागाच्या दृष्टीने रुग्णाची सुरुवातच मंजुरीच्या तारखेपासून झाली. मधले सहा आठवडे पाळले गेले का, हा प्रश्न विचारण्याचे काम कोणाच्याही बिलात नव्हते. मी ज्या रुग्णालयाबद्दल बोलतो आहे ते वाईट रुग्णालय नाही. तिथल्या परिचारिकांनी माझ्या भावाला नळीने जेवण कसे द्यायचे हे तीन वेळा समजावले. परंतु चांगल्या माणसांच्या हातूनही रुग्ण दोन पॅकेजांच्या फटीत पडतो, कारण त्या फटीची किंमत कोणी ठरवलेली नाही.

किरणोपचार, ज्याला आमच्याकडे अजूनही 'शेक' म्हणतात, हा पैसे देण्याच्या पद्धतीचा परिणाम सर्वांत स्पष्ट दाखवणारा उपचार आहे, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर पूर्वी २५ फेऱ्या देत असत, आठवड्याला पाच या हिशेबाने पाच आठवडे. ब्रिटनमध्ये झालेल्या चाचण्यांचे दहा वर्षांचे निष्कर्ष २०१३ साली आले आणि १५ फेऱ्यांत, म्हणजे तीन आठवड्यांत, तितकाच चांगला परिणाम मिळतो हे सिद्ध झाले. २०२० साली तिथल्याच आणखी एका चाचणीने पाच फेऱ्यांचा, अवघ्या एका आठवड्याचा मार्ग निवडक रुग्णांसाठी खुला केला. बीडहून किंवा धाराशिवहून पुण्यात येणाऱ्या बाईसाठी पाच आठवडे आणि एक आठवडा यांतला फरक वैद्यकीय तपशिलापुरता राहत नाही. पाच आठवडे म्हणजे स्वारगेटजवळ किंवा ससूनच्या आसपास भाड्याची खोली, सोबत राहणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी, घरी शेजारणीच्या भरवशावर ठेवलेली मुले, आणि पुष्कळदा दिवाळी किंवा कापणी आली म्हणून मध्येच सोडलेला उपचार. एसटीच्या भाड्यात कर्करुग्णाला सवलत आहे, ती उपयोगाचीही आहे. पण खर्चाचा मोठा भाग प्रवासाचा नसून मुक्कामाचा असतो.

आता हिशेबाची बाजू पाहू. जिथे फेरीगणिक पैसे मिळतात, तिथे २५ ऐवजी १५ फेऱ्या देणाऱ्या रुग्णालयाचे उत्पन्न थेट घटते. कोट्यवधींचे यंत्र कर्ज काढून बसवलेले असते, त्याचा हप्ता फेऱ्यांमधून फेडायचा असतो. जिथे तंत्रानुसार दर ठरतो, तिथे महागडे तंत्र वापरण्याकडे ओढ राहते, मग त्या रुग्णाला त्याचा खरोखर किती फायदा आहे हा प्रश्न मागे पडतो. पुण्यातले अनेक किरणोपचारतज्ज्ञ स्वतःचे उत्पन्न बाजूला ठेवून कमी फेऱ्या देतात, हे मी जाणतो आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. परंतु योग्य उपचार करण्यासाठी डॉक्टरला तोटा सोसावा लागत असेल, तर ती व्यवस्था डॉक्टरच्या चांगुलपणावर चालते आहे, आणि सार्वजनिक पैशाने उभारलेल्या व्यवस्थेचा पाया इतका ठिसूळ नसावा. एका आजाराच्या संपूर्ण किरणोपचाराला एकच दर द्यावा, फेऱ्या किती द्यायच्या ते पुराव्यावरून ठरू द्यावे, आणि कमी दिवसांत उपचार पूर्ण करणाऱ्या रुग्णालयाला त्याचा लाभ मिळावा, असे मला वाटते. यंत्र मोकळे झाले की प्रतीक्षायादीही आपोआप कमी होते.

औषधांच्या बाबतीत असाच प्रश्न अधिक तीव्र आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी प्रगत अवस्थेतील तोंड-मानेच्या कर्करोगासाठी साध्या गोळ्यांचा एक उपचार तपासला: आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज सेलेकॉक्सिब. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांचे मध्यम आयुर्मान साडेसात महिने होते, तर सलाईनमधून सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध घेणाऱ्यांचे सहा महिन्यांच्या थोडे वर. त्यानंतर त्याच रुग्णालयाने अशा गोळ्यांच्या जोडीला निवोलुमॅब हे महागडे इंजेक्शन नेहमीच्या मात्रेच्या एका छोट्या अंशात, दर तीन आठवड्यांना केवळ २० मिलिग्रॅम, देऊन पाहिले. एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. तंबाखू, मिश्री आणि गुटखा यांनी पोखरलेल्या महाराष्ट्रासाठी याहून मोलाचे संशोधन क्वचितच झाले असेल. आपल्या शेजारच्या शहरात, आपल्याच रुग्णांवर, आपल्या ऐपतीचा विचार करून ते झाले.

पण गोळ्या घरी घेतल्या जातात. त्यांना खाट लागत नाही, सलाईन लागत नाही, दिवसभराचा डे-केअर विभाग लागत नाही. योजनेच्या यादीत अशा उपचाराला जागा दिली तरी त्यातून रुग्णालयाच्या हाती येणारी रक्कम नगण्य असते, आणि खासगी औषधविक्रीत तर महाग औषधावरचा नफा स्वस्त औषधाच्या कित्येक पट असतो. या रुग्णाला खरे तर गरज असते ती दर आठवड्याला कोणीतरी फोन करून तोंडात फोड आले का, गोळ्या चुकल्या का, वजन किती उतरले हे विचारण्याची. ते काम एक प्रशिक्षित परिचारिका फोनवर करू शकते. त्या फोनचे पैसे देण्याची सोय आपल्याकडे नाही.

पैशांची वाट बदलली की उपचार बदलतो, हे दुसऱ्या देशांनी अनुभवले आहे. अमेरिकेत २००३ च्या कायद्याने डॉक्टरांना इंजेक्शनांच्या किमतीवर मिळणारा मोठा नफा कापला गेला, आणि त्यानंतर प्रोस्टेटच्या कर्करोगात ज्या पुरुषांना हार्मोनच्या इंजेक्शनाचा फायदा संशयास्पद होता त्यांच्यातला त्याचा वापर घटला. रुग्ण तेच होते, डॉक्टरही तेच होते. पुढे २०१६ साली तिथे सहा महिन्यांचा उपचार एकत्र धरून, रुग्णामागे दरमहा १६० डॉलर समन्वयासाठी देण्याचा प्रयोग झाला. सरकारचा खर्च त्यातून वाचला नाही, आणि २०२२ मध्ये तो संपवून पुढच्या वर्षी नवे प्रारूप आणावे लागले. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पैसे देण्याची पद्धत बदलली की सगळे सुरळीत होईल असा भाबडा विश्वास माझा नाही. एकरकमी दर दिला तर काही रुग्णालये गुंतागुंतीचे रुग्ण टाळतील, हा धोका खरा आहे. म्हातारा, मधुमेही, उशिरा आलेला रुग्ण कोणत्याही ठरावीक दरात तोट्याचा ठरतो. म्हणून दर आजाराच्या अवस्थेनुसार आणि रुग्णाच्या प्रकृतीनुसार वेगळे हवेत, आणि कोणते रुग्णालय किती रुग्णांना परत पाठवते याची नोंद उघड हवी.

रुग्णालयांचीही एक रास्त बाजू आहे, आणि पुण्यातल्या चर्चेत ती फारशी नीट ऐकली जात नाही. ठरवलेले दर वर्षानुवर्षे सुधारले जात नाहीत, दाव्याची रक्कम यायला महिने लागतात, आणि लहान रुग्णालयाला पगार दर महिन्याला द्यावे लागतात. असे झाले की अंगीकृत रुग्णालय नावापुरते अंगीकृत राहते: योजनेच्या खाटा भरलेल्या असतात आणि रोख भरणाऱ्याला खाट मिळते. या वागण्याचे समर्थन मी करणार नाही. पण ज्या शासनाला शिस्त हवी आहे त्याने आपले देणे वेळेवर द्यावे, ही त्या शिस्तीची पहिली अट आहे.

पुण्यात या गुंत्यात आणखी भर पडते, कारण एकाच वॉर्डात शेजारी शेजारी झोपलेल्या चार रुग्णांचे पैसे चार वाटांनी येतात. एकाचे जनआरोग्य योजनेतून, दुसऱ्याचे, तो चाकणच्या कारखान्यात महिना २१ हजारांच्या आत पगारावर असेल तर, कर्मचारी राज्य विम्यातून, तिसऱ्याचे आयटी कंपनीच्या सामूहिक विम्यातून, आणि चौथ्याचे धर्मादाय खाटेवरून. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात, आणि एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची असते. महानगरपालिकेची शहरी गरीब योजना आहे, मुख्यमंत्री सहाय्यता निधी आहे. प्रत्येकाचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला आणि खिडकी वेगळी. तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला आणायला माणूस बीडला परत जातो तेव्हा रुग्ण पुण्यात एकटा असतो. या सगळ्या निधींचा निर्णय रुग्णालयातल्या एकाच टेबलावर, एकाच कागदावर व्हावा ही मागणी पैशांची नाही, केवळ इच्छाशक्तीची आहे. आजच्या आज होऊ शकणारी ती पहिली सुधारणा आहे.

पैसे कुठून आणायचे, असा प्रश्न यावर हमखास येतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. आपण त्यापासून दूर आहोत, आणि ते अंतर कापल्याशिवाय काही प्रश्न सुटणार नाहीत. तरीही पैसा नाही म्हणून हात बांधले आहेत हे पूर्ण खरे नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने कर्करोगाच्या ४२ औषधांवरील व्यापारी नफा ३० टक्क्यांवर रोखला आणि शेकडो ब्रँडच्या किमती खाली आल्या. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ साली उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातील २३ केंद्रांनी ४० औषधांची एकत्र खरेदी केली, तेव्हा काही औषधे पूर्वीच्या तुलनेत २३ टक्के तर काही चक्क ९९ टक्के स्वस्त मिळाली आणि एकूण बचत १,३०० कोटींच्या वर गेली. अशी खरेदी राज्याच्या योजनेतील सर्व अंगीकृत रुग्णालयांसाठी केली, तर वाचलेल्या रकमेत निदानाच्या तपासण्या बसतील असा माझा विश्वास आहे. मर्यादा पाच लाखांची दहा लाख करण्याच्या घोषणेला टाळ्या अधिक मिळतील. परंतु तोंडाच्या कर्करोगाच्या बहुसंख्य रुग्णांची पाच लाखांची मर्यादा संपतच नाही. ते त्या मर्यादेपर्यंत पोहोचण्याआधीच थकतात.

आणि ज्या आजाराला मुळात त्या टप्प्यावर पोहोचूच द्यायचे नव्हते, त्याचे काय? सध्याच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने, १९९९ पासून गावोगावच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक महिलांवर एक अभ्यास झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या, हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले, हा त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये जगभर गाजला. ज्या मराठवाड्यातल्या बायांनी जगाला हा पुरावा दिला, त्यांच्या लेकींना ही तपासणी आजही नियमाने मिळत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात ३० ते ४९ वयोगटातील शंभरांतील दोन महिलांचीही गर्भाशयमुखाची तपासणी कधी झालेली नव्हती. याच विषाणूवरची देशी लस हडपसरला तयार होते. तपासणी आणि लस यांना पॅकेज नसते, दाखल व्हावे लागत नाही, म्हणून विमायोजनेच्या हिशेबात त्यांना जागा नाही; आणि ज्या प्राथमिक आरोग्य केंद्राने ते करायचे, त्याला किती बायांची तपासणी झाली यावर काही मिळत नाही. आशाताईंना आपण कितीतरी कामांचा मोबदला नगाप्रमाणे देतो. पॉझिटिव्ह आलेली बाई तालुक्याच्या रुग्णालयात पोहोचली आणि तिचा उपचार पूर्ण झाला, या एका कामाला भरघोस मोबदला द्यावा.

आजार बरा होणार नाही हे ठरल्यानंतरच्या काळाबद्दल थोडेच लिहितो, कारण इथे पुण्याजवळ एक चांगले उदाहरण आहे. वारज्याला १९९७ पासून चालणाऱ्या परिहारसेवा केंद्रात वेदना कमी करण्याचे उपचार विनामूल्य होतात. हे देणगीवर चालते. वेदनाशमन हा उपचाराचा भाग असेल तर तो देणगीवर का चालावा, याचे उत्तर मला कोणत्याही धोरणात सापडलेले नाही. शेवटच्या महिन्यांत घरी जाऊन मॉर्फिनची मात्रा ठरवणाऱ्या परिचारिकेच्या एका फेरीला योजनेने दर ठरवून दिला, तर निदान तेवढे रुग्ण निरुपयोगी केमोसाठी पुन्हा दाखल होणार नाहीत. आज त्यांना घरी मदत हवी असते, आणि मिळू शकते ती खाटच.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढच्या तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उभारण्याचे जाहीर झाले आहे. या निर्णयाचे मी मनापासून स्वागत करतो. सोलापूरच्या किंवा सातारच्या बाईला केमोसाठी पुण्याला यावे लागू नये. मात्र ही केंद्रे आजच्याच पद्धतीने, प्रत्येक सलाईनमागे पैसे देऊन चालवली, तर ती सलाईन देण्याची ठिकाणे बनतील. त्यांना नेमून दिलेल्या रुग्णाचा तुकडा किती दिवसांत तपासला गेला, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांत किती आठवडे गेले, गोळ्यांवरचा रुग्ण दर आठवड्याला कोणाशी बोलला, यावर त्यांच्या निधीचा काही भाग अवलंबून ठेवावा. सुरुवात पुणे विभागातल्या पाच जिल्ह्यांपासून करता येईल: संशयित गाठीपासून उपचार संपल्यानंतरच्या दोन वर्षांपर्यंत एकच नोंद, एकच क्रमांक, आणि त्या क्रमांकासाठी जबाबदार असलेले एकच माणूस, ज्याचा पगार योजनेतून निघतो.

दोन वर्षे म्हणण्याचे कारण असे की तोंडाचा कर्करोग उलटला तर बहुतेक वेळा त्याच काळात उलटतो, आणि योजनेचे १५ दिवस तर टाके पुरते भरण्याआधीच संपतात. माझा आतेभाऊ दर दोन महिन्यांनी पहाटेच्या एसटीने तपासणीला येतो, तीही स्वतःच्या पैशांनी. तोंड पूर्ण उघडत नाही, पण बोलणे आता बऱ्यापैकी समजते. मागच्या खेपेला त्याने शेजारच्या गावातल्या एका तिशीच्या मुलाला बरोबर आणले होते. गालाच्या आत पांढरा चट्टा, मधोमध खरबरीत, आणि खिशात तंबाखूची पुडी नव्हती असे तो तीन वेळा म्हणाला. तुकडा अजून काढायचा होता. आम्ही दुकानातून नवी फाईल घेतली आणि पहिल्या पानावर मी त्या दिवसाची तारीख लिहिली.